शल्य आणि सल

जिल्हा रुग्णालयात एका दारावर ‘जिल्हा शल्यचिकित्सक’ अशी पाटी असते. समोरच्या बाकावर फायली घेऊन बसलेली माणसे मात्र ‘सिव्हिल सर्जन साहेब आले का?’ असेच विचारतात. पाटीवरचा शब्द तिथे कुणाच्या तोंडी नसतो. आणि हीच माणसे घरी तो शब्द दिवसभर वापरत असतात. पायात काटा सलतो, जावेचे बोलणे सलते, शिक्षण अर्धवट सुटल्याचा सल जन्मभर राहतो.

संस्कृतात शल्य म्हणजे बाणाचे टोक, काटा. अंगभर काटे वागवणारे साळिंदर म्हणून ‘शल्यक’. प्राकृतात शल्याचे ‘सल्ल’ झाले, आणि मराठीत ते ‘सल’ होऊन राहिले. महाभारतातला मद्रराज शल्य तर नावाला जागला. कर्णाचे सारथ्य पत्करले आणि ऐन लढाईत बोलून बोलून त्याचा धीर खच्ची केला.

आयुर्वेदाच्या आठ अंगांत शल्यतंत्राला पहिला मान देणाऱ्या सुश्रुतसंहितेने हा शब्द चांगलाच रुंद केला. बाहेरून घुसलेले लोखंड, बांबू, हाड हे ‘आगंतुक’ शल्य. शरीरातच बिघडून पीडा देऊ लागलेले ते ‘शारीर’. कसोटी एकच, ते दुखवते का?

आत मोडून दिसेनासे झालेले शल्य हुडकायची तिथली रीत मला फार आवडते. संशयित जागी थिजलेले तूप माखायचे. शल्याच्या उष्णतेने ते जिथे चटकन वितळते, तिथे शल्य आहे असे समजायचे. क्ष-किरण नाहीत, काही नाही. तूप आणि त्यावर खिळलेली वैद्याची नजर. काढायचे उपायही एकेक नामी. हाडात रुतलेला बाण निघेना, तर रोग्याला घट्ट बांधायचे, बाण घोड्याच्या लगामाच्या कडीला अडकवायचा आणि घोड्याला चाबूक ओढायचा. घोडा मान झटकून वर करतो, त्याच हिसक्याने बाण बाहेर!

काढण्याचे असे एकूण 15 मार्ग तिथे मोजले आहेत. आपोआप पडणे, पिकवणे, चिरणे, पिळणे, धुणे, चोखून घेणे, लोहचुंबक… आणि पंधरावा, हर्ष. हृदयात रुतलेले शोकाचे शल्य आनंदाने काढावे. कवीने नव्हे, शस्त्रे पाजळून बसलेल्या माणसाने हे लिहून ठेवले आहे, आणि तेही लोहचुंबकाच्या लगोलग, त्याच यादीत. म्हणजे मनातला सल ही शब्दाची पुढची अलंकारिक झेप नव्हे. वैद्याच्या लेखी तोही काढायचाच होता.

सर्जरी हा शब्द मुळात ग्रीक, त्याचा अर्थ हाताचे काम. शस्त्रक्रिया म्हणावे तर त्यात हत्यार आले. शल्यचिकित्सेत मात्र वैद्याचा हातही नाही आणि हत्यारही नाही. रोग्याला जे टोचते आहे, त्याच्यावरून विद्येचेच नाव पडले.

आता ही विद्या काढण्याइतकीच घालण्याचीही झाली आहे. स्टेंट, पेसमेकर, कृत्रिम गुडघा. मांडीचे हाड मोडल्यावर माझ्या मावशीला रॉड घातला. एक्स-रे लख्ख, हाड जुळलेले, तपासणीत सगळे ‘उत्तम’. पण थंडी पडली की ती मांडीवर तळवा दाबून म्हणते, ‘रॉड सलतोय गं.’ डॉक्टरांच्या लेखी तो उपचार, तिच्या लेखी शल्य. सुश्रुताची कसोटी लावली तर निकाल मावशीच्या बाजूने लागेल.

‘काही नाही, सगळं नॉर्मल आहे’ असे ऐकून दवाखान्यातून परतणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. दुखते आहे की नाही हे ठरवायचा पहिला अधिकार दुखणाऱ्याचा, हे दारावरच्या त्या पाटीतच लिहिलेले आहे. आत बसणाऱ्याने ती अधूनमधून वाचायला हरकत नाही.