ऐरणीवरचे लोखंड, पडद्यावरचे लोखंड

बी.ए. होऊन वीस वर्षे सरकारी कचेरीत फायली हलवणाऱ्या माणसाने फोर्जिंगवर लिहावे हे जरा अतिच. पण चतुर्थीनंतर चोर्ला घाटातून बेळगावला ताईकडे गेलो होतो, तिथे पाहिलेले मनातून जात नाही.

भावोजींनी तिथल्या एका कारखान्यात हॅमरवर तीस वर्षे काढली. त्या आवाजाने त्यांचे कान गेले. आता त्यांच्याशी ओरडून बोलावे लागते, म्हणून घरातल्यांनी बोलणेच कमी केले आहे. भाचाही फोर्जिंगमध्येच आहे, पण एसीत, संगणकासमोर. बापलेकांचा धंदा एक, आणि त्यावर दोघांत चकार शब्द नाही.

"तू तिथे करतोस तरी काय?" म्हणून विचारले, तर त्याने लॅपटॉप उघडला. पडद्यावर पोलादाचा लालभडक ठोकळा, त्यावर मासेमारीच्या जाळ्यासारखी बारीक जाळी. जाळीच्या एकेका घरातले तापमान, ताण, धातू सरकण्याचा वेग संगणक टप्प्याटप्प्याने मोजत जातो. बाराशे अंशांच्या आसपास तापलेले पोलाद साच्यात कसे वाहील, कोपरा भरेल की नाही, कुठे दुमडून आत घडी राहील, हे लाखमोलाचा साचा कापण्याआधीच दिसते. पूर्वी त्यासाठी प्लास्टिसिनचे किंवा शिशाचे नमुने दाबून पाहत. १९८० च्या दशकात ओहायोतील बॅटेल प्रयोगशाळेत अमेरिकन हवाई दलासाठी असा प्रोग्रॅम तयार झाला, त्यातून ही विद्या कारखान्यांपर्यंत आली.

पुढे त्याने मशिनिंगचे दाखवले. तापवलेला भाग पाण्यात किंवा तेलात झटकन थंड केला की आत ताण कोंडून राहतो. मग मशीनवर एका बाजूचा धातू कापून काढला की तोल जातो आणि भाग वाकतो. किती वाकेल याचाही अंदाज संगणक देतो. मला आमच्या गावचे चारी आठवले. माडावर चढणाऱ्यांचे कोयते तेच घडवायचे. पाणी दिल्यावर कोयता एक डोळा मिटून न्याहाळायचे, आणि वाकला असेल तर दोन हलके टोले. त्यांना ताण हा शब्द कुणी शिकवला नव्हता.

भावोजी केव्हा मागे येऊन उभे राहिले कळले नाही. बराच वेळ पाहून त्यांनी पडद्यावर बोट ठेवले. "हितं साच्यावर घर्षण किती धरलंस?"

"शून्य पूर्णांक तीन, बाबा."

ऐकू गेले नाही. त्याने कागदावर लिहून दिले.

"ग्राफाइट मारणारा पोरगा दिवसभर सारखंच मारतो व्हय? रातपाळीला पहाटे चारला बघ जाऊन."

ते उठून स्वयंपाकघरात गेले, आणि ताईने मळलेल्या कणकेतला गोळा घेऊन आले. पोळपाटावर पिठी भुरभुरून दाबला, गोळा सरळ पसरला. मग पोळपाट पुसून दुसरा दाबला. खालचा भाग जागीच चिकटला, वरचा पुढे येऊन त्यावर पडला. कडेला बारीक घडी. तीस वर्षांत अशा घड्यांचे किती भाग भंगारात टाकले, तेही त्यांनी हाताने ढीग दाखवून सांगितले.

भाच्याने आकडा वाढवला, पुन्हा गणित लावले. त्याला पाऊण तास लागला. तोवर ताईने कणकेवरून दोघांनाही सुनावले. पडद्यावर या वेळी कडेची लाट दुमडलेली होती. जागा भावोजींच्या बोटापासून थोडी लांब होती, हे मुलाने आवर्जून दाखवले. पोलाद म्हणजे कणीक नव्हे, असेही म्हणाला. भावोजींना ते ऐकू आले की नाही, देव जाणे. ते नुसते हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कदंबाची बस गाठायला निघालो, तेव्हा भाचा त्यांच्या कानाशी वाकून ओरडत होता, "बाबा, पहिल्या भागाला साचा किती तापलेला असायचा? आणि शंभराव्याला?"