भोपळ्याचा मालक

सत्तरी ओलांडलेल्या माणसाने माळ्यावर चढू नये, असे आमच्या घरी सगळे म्हणतात. आणि दिवाळी आली की तेच सगळे शिडी धरून उभे राहतात. यंदा जुनी पिंपे आणि आकाशकंदिलाचे सांगाडे बाजूला सारताना माझ्या हाती एक वाळलेला भोपळा लागला. कमरेत बारीक, वरखाली गोल, आणि कमरेला सुताच्या दोरीचा एक तुकडा. खालून नातवाने विचारले, "आजोबा, वीणेचा आहे का?"

"नाही रे, मासे धरायचा."

भोपळ्याने मासे धरतात हे ऐकून नातवाला आजोबांच्या बुद्धीविषयी शंका आली असावी. त्याने शिडी अधिक घट्ट धरली.

माझे बालपण देहूरोडला गेले. वडील तिथल्या लष्करी डेपोत कारकून होते. देहूरोड हे दोन नद्यांच्या मधले गाव. उत्तरेला देहूची इंद्रायणी, दक्षिणेला मामुर्डी-गहुंज्याकडची पवना, आणि मधून पुणे-लोणावळ्याची रेल्वे. आजीने या दोन नद्यांची वाटणी करून टाकली होती. इंद्रायणीच्या माशांना कणकेच्या गोळ्या घालायच्या; तिथल्या डोहातल्या माशाला कोणी हात लावीत नसे. गळ टाकायचा असेल तर पवनेत, आणि तोही तिला न सांगता! मी भोपळा घेऊन निघालेला दिसलो की ती म्हणे, "तुकोबांची गाथा तेरा दिवसांनी पाण्यावर तरली. तुझा भोपळा तरून काय उजेड पाडणार आहे?"

भोपळा सोडण्याची विद्या मला शिकवली ती पवनेकाठच्या एका म्हाताऱ्या भोयाने. आम्ही पोरे त्यांना भोईबाबा म्हणत असू. कृती दिसायला सोपी. भोपळ्याच्या कमरेला दोरीचे एक टोक बांधायचे, दुसऱ्या टोकाला गळ आणि गळाच्या हातभर वर शिशाचा तुकडा. तिन्हीसांजेला आमिष लावून भोपळा पाण्यात सोडायचा आणि घरी जाऊन जेवायचे. रात्रभर राखण भोपळ्याने करायची. हे सारे शिंगाळ्यासाठी. या माशाच्या अंगावर खवले नसतात, तोंडाभोवती लांब मिशा असतात, आणि पाठीवरचा काटा असा की धरणाऱ्याची बोटे रक्ताळावीत. गढूळ पाण्यात, काळोखात, मिशांनी वास-चव घेत तो तळ धुंडाळतो. म्हणून दोरी इतकीच लांब ठेवायची की आमिष तळापासून वीतभर वर लोंबावे. भोईबाबा दोरी वावांनी मोजत, दोन्ही हात पसरून, कापड मोजावे तशी.

भोपळाही पारखून घ्यावा लागे. फार लहान असला तर मासा त्याला घेऊन बुडतो आणि कुठल्या तरी मुळीत अडकवून ठेवतो. फार मोठा असला तर माशाच्या हिसक्याला तो जराही दबत नाही. मग तोंड फाटते, नाही तर दोरी तुटते. नारळाएवढा भोपळा बरा. तो बुडतो, पुन्हा वर येतो आणि माशाला हळूहळू दमवतो.

पण खरी परीक्षा गळाची. बाजारात गळांचे आकडे उलटे चालत. ६ नंबरचा गळ ४ नंबरच्या गळाहून लहान, १ नंबरचा त्याहून मोठा, आणि त्यापुढे एक-शून्य, दोन-शून्य असे ते चढत जात. भोईबाबांना नंबर ठाऊक नव्हते. तपकिरीच्या डबीतला गळ काढून ते त्याच्या बाकात अंगठा घालून पाहत. अंगठा बसला तर ठेवत, नाही तर परत डबीत. मला वाटे, मोठ्या माशाचा लोभ! मी तसे विचारलेही. ते म्हणाले, "मोठा गळ मोठ्या माशासाठी न्हाई, पोरा. ल्हान्याच्या तोंडात जाऊ नये म्हून."

त्यांचा दुसरा नियम असा, की सोडलेला भोपळा उगवतीला उचलायचाच. उचलायला जमणार नसेल तर सोडायचाच नाही.

१९६४ सालच्या दिवाळीत मी दोन्ही नियम मोडले. मी बाजारातून ६ नंबरचा गळ आणला होता. बारीक मासे पटापट लागतील हा हिशेब. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी भोईबाबांना न सांगता गांडूळ लावून मी भोपळा सोडला. दुसऱ्या दिवशी पहाटे उटणे, कारटे, फटाके. मग मातीचा किल्ला, मग करंज्या. भोपळा मी साफ विसरलो.

भाऊबिजेला भोईबाबा दारात आले आणि मला नदीवर घेऊन गेले. लव्हाळ्यात माझा भोपळा अडकला होता आणि मधूनच हलत होता. खाली वीतभर शिंगाळा होता. गळ ओठात नव्हता, पार पोटात उतरला होता. सुटण्यासाठी गिरक्या घेऊन त्याने दोरीचा पीळ करून टाकला होता. अंगावरची कातडी ठिकठिकाणी पांढरी पडली होती, आणि तरीही तो जिवंत होता. चार दिवस! भोईबाबांनी विळ्याने त्याला सोडवले. म्हणजे कायमचेच सोडवले. मग त्यांनी विचारले, "कुनाचा रं ह्यो भोपळा?"

मी म्हणालो, "ठाऊक नाही."

ते काही बोलले नाहीत. दोरी कापून त्यांनी भोपळा माझ्या हातात दिला. "ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. मालक गावला, तर दे त्याला."

गेल्या वर्षी माझा भाचा अमेरिकेतून आला होता. तो मिसुरीत राहतो. तिकडे शिंगाळ्याच्या जातीच्या माशांसाठी भोपळ्याऐवजी प्लॅस्टिकचे रिकामे डबे सोडतात, असे त्याने सांगितले, आणि एक गळही दाखवला. त्याचे टोक सरळ वर न येता आत, दांड्याकडे वळलेले. पॅसिफिक बेटांवरचे लोक शिंपल्याचे आणि हाडाचे असे गळ शेकडो वर्षांपूर्वी करीत. साध्या गळाला मासा लागताच हाताचा हिसका द्यावा लागतो. सोडलेल्या डब्यापाशी हात कुठला? मासा आमिष गिळतो, आणि गळ आत रुततो. हा गोल गळ मात्र मासा वळून ओढू लागला की घशातून घसरत येतो आणि बहुधा ओठाच्या कोपऱ्यात बसतो. नको असलेला मासा जिवंत सोडता येतो.

मी तो गळ बराच वेळ हातात धरून बसलो. भाचा सहज पुढे म्हणाला, "आणि मामा, प्रत्येक डब्यावर आपलं नाव-पत्ता लिहावा लागतो. बिननावाचा डबा सोडणं गुन्हा आहे."

आता पवनेत भोपळा सोडावा असे पाणी उरलेले नाही. जलपर्णी माजते, आणि जिथे पाणी मोकळे आहे तिथे परकी चिलापी पोसते. गहुंज्याजवळून द्रुतगती मार्गाच्या मोटारी धावतात. भोईबाबांना जाऊनही कितीतरी वर्षे झाली.

मी शिडी उतरलो आणि नातवाकडे रांगोळीची नावे लिहायचा जाड पेन मागितला. भोपळ्याची धूळ पुसून त्याच्यावर माझे नाव लिहिले. खाली "देहूरोड" असे लिहिले. वाळलेल्या सालीवर अक्षर धड उमटेना. दोनदा गिरवावे लागले.

नातवाने ते वाचले आणि म्हणाला, "म्हणजे हा तुमचाच होता?"

"हो," मी म्हणालो. "माझाच."