भूकलाडू, तहानलाडू आणि विमान

लहानपणी आजीच्या गोष्टीतला राजपुत्र प्रवासाला निघाला, की त्याची आई त्याच्याबरोबर भूकलाडू आणि तहानलाडू बांधून द्यायची. 'हे ओझे कशाला?' असे त्या राजपुत्राने कधी विचारल्याचे मला आठवत नाही. तो प्रश्न विचारायला माझ्यासारखा शहाणा प्राध्यापक जन्माला यावा लागला.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात आईला घेऊन मी मुंबईहून लंडनला गेलो. धाकटी बहीण तिकडे हॅरोला असते; तिचे बाळंतपण जवळ आले होते. आई ७२ वर्षांची. गेली १८ वर्षे मधुमेहाशी संसार करणारी, आणि विमानात मात्र पहिल्यांदाच पाऊल ठेवणारी. आदल्या दिवशी तिने लेकीसाठी डिंक आणि खारकेची पूड बांधली; लाडू तिकडे गेल्यावर वळायचे होते. आणि स्वतःसाठी घेतल्या दुधात भिजवलेल्या दशम्या, भाजलेले दाणे नि साखरेची एक पुडी.

"अगं आई, विमानात जेवण देतात. तुझ्यासाठी मधुमेहाचं वेगळं जेवण मी आधीच सांगून ठेवलंय. ही काय एस. टी. आहे डबा उघडायला?"

"एस. टी. निदान वाटेत चहाला थांबते तरी," आई म्हणाली. "तुझं विमान कुठे थांबणार आहे?"

विमानतळावर तपासणीत तिची लोणच्याची बाटली तेवढी गेली. परदेशी जाणाऱ्या विमानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतून पातळ पदार्थ हातातल्या सामानात न्यायचे नाहीत, हा दंडक २००६ सालापासूनचा. डबा मात्र सहीसलामत सुटला. आत गेल्यावर ती पिशवी मी वरच्या कप्प्यात ठेवू लागलो. आईने ती हिसकून घेतली आणि पायाशी ठेवली. आजूबाजूची सुटाबुटातली मंडळी पाहून मी थोडा वरमलो, हे कबूल करतो.

विमान साडेसातला सुटायचे होते. आठ वाजले तरी ते जागचे हललेले नव्हते. आईने घड्याळ पाहिले आणि नेहमीप्रमाणे जेवणाआधीची गोळी घेतली. घरी सव्वाआठला तिचे पान वाढलेले असते. इतक्या वर्षांत त्यात खंड नाही. मी शेजारीच वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. माझ्या काहीच ध्यानात आले नाही.

विमान उडाले तेव्हा सव्वानऊ होत आले होते. पट्टे बांधून ठेवण्याचा दिवा लागलेला, जेवणाच्या गाडीचा पत्ता नाही. इतक्यात आईचा हात माझ्या हातावर पडला. तो थरथरत होता आणि घामाने भिजला होता. मी तिच्याकडे पाहिले. ओठ पांढरे पडले होते, बोलणे अडखळत होते. रक्तातली साखर उतरली होती. मी घाबरून हवाई सुंदरीला बोलावण्याचे बटण शोधू लागलो, आणि ऐन वेळी मला ते सापडेना!

"पिशवी... साखर," एवढेच आई म्हणाली.

पिशवी वरच्या कप्प्यात असती, तर? हा प्रश्न आजही मध्यरात्री मला जागे करतो. ती पायाशी होती. तीन चमचे साखर पेल्यातल्या पाण्यात ढवळून मी तिला पाजली. पंधरा मिनिटांत डोळ्यांत ओळख आली. मग तिने एक दशमी सावकाश चावून खाल्ली. सांगून ठेवलेले ते खास जेवण आले, आणि रिवाजाप्रमाणे इतरांच्या आधी आले, तेव्हा दहा वाजून गेले होते.

हॅरोच्या डॉक्टरीणबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि एकच वाक्य सांगितले: घास समोर आल्याशिवाय गोळी नाही. शिवाय, हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. म्हणजे पश्चिमेला जाताना दिवस तेवढा लांबतो. इन्शुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्याने त्या लांबलेल्या दिवसाचे वेळापत्रक निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

पण हे काही मधुमेहींपुरतेच नाही. विमानातली हवा ६ ते ८ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असते तितकी विरळ ठेवलेली असते. तिथे पोटातला वायू पाव ते तिसऱ्या हिश्श्याने फुगतो. म्हणून निघण्याआधी छोले-राजमा आणि विमानात सोड्याची पेये टाळावीत. हवेतला ओलावा वीस टक्क्यांच्याही खाली जातो. तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी प्यावे. रिकामी बाटली तपासणीतून नेता येते, पलीकडे ती भरून घ्यावी. मद्याने आणि वारंवारच्या चहा-कॉफीने ती पाण्याची जागा भरत नाही. त्या कोरड्या, विरळ हवेत आणि यंत्रांच्या घरघरीत जिभेला मीठ आणि साखर कमी कळते. त्यामुळे तिथला स्वयंपाक थोडा चढाच केलेला असतो. ताटलीत आले ते सारे संपवलेच पाहिजे, असा आपला मध्यमवर्गीय नेम आहे. पैसे भरलेले असतात ना! पण दहा तास खुर्चीत बसणाऱ्या देहाला एवढी भूक असते कुठे? निम्मे खावे, आणि अधूनमधून उठून चार पावले चालून यावे.

विमानातल्या जेवणाची कथा तशी जुनी आहे. १९१९ साली लंडन-पॅरिस विमानात उतारूंना ३ शिलिंगांना फराळाची पेटी विकत मिळत असे. म्हणजे तिथेही आरंभ डब्यानेच झाला म्हणायचा! आपल्या डब्याला एकच पथ्य: उरलेले उतरण्यापूर्वी संपवावे. ताजी फळे, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ पुष्कळ देशांत आत नेऊ देत नाहीत.

बहिणीला मुलगी झाली. आईने लाडू वळले. स्वतः एकही खाल्ला नाही, आणि ती न खाण्याची गंमत तिने सगळ्यांना सांगितली. दोन महिन्यांनी आम्ही परत निघालो, तेव्हा पहाटे जाग आली ती दशम्या भाजल्याच्या वासाने. मी स्वयंपाकघरात गेलो. आई एकेक दशमी कापडात ठेवत होती.

"चार जास्त घाल," मी म्हणालो.

"का रे? विमानात जेवण देतात ना?"

मी काही बोललो नाही. साखरेची पुडी तेवढी माझ्या कोटाच्या खिशात टाकली, आणि पिशवी उचलून दाराशी आणून ठेवली.