पेणेंतील उंच घराचा पाया

पेण म्हटलें कीं डोळ्यांपुढें गणपतीच्या मूर्ति उभ्या राहतात, आणि रोहें म्हटलें कीं कुंडलिकेचें पात्र. या गांवीं उंच इमारतींचें बांधकाम पाहावयास जावें, असें दहा वर्षांपूर्वीं कोणी सुचविलें असतें तर ऐकणारे हसलेच असते. परंतु १२ जानेवारी २०२४ रोजीं अटल सेतूचें उद्घाटन झालें, त्याच वर्षीं उरण, पनवेल आणि पेण या तालुक्यांतील १२४ गांवें नव्या शहराकरितां मुक्रर करण्यांत आलीं, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं नवी मुंबईच्या विमानतळाचेंही उद्घाटन झालें. लोक या सर्वांस मिळून 'तिसरी मुंबई' म्हणतात. ती मुंबई येईल तेव्हां येवो. पेणेंत कौलारू घरांमागें पत्र्याचीं उंच कुंपणें मात्र आजच दिसूं लागलीं आहेत.

अशाच एका कुंपणाआडचें काम आम्ही गेल्या दिवाळीपासून पाहत आहों. हें निव्वळ कुतूहल नव्हे. आमचा वाडा आतां दुरुस्तीस दाद देत नाहीं आणि घरांत लहानमोठीं चौदा माणसें आहेत. त्या इमारतींत एकाच मजल्यावर शेजारशेजारचीं दोन बिऱ्हाडें घ्यावीं, मधल्या भिंतींत एक दार पाडावें आणि चूल एकच ठेवावी, असा धाकट्या मंडळींचा बेत आहे. थोरल्या काकूंना तो मनापासून रुचलेला नाहीं. "आधीं घर पाहूं द्या, मग दाराचें बोला," असें त्या म्हणतात. तेव्हां घर पाहण्याची कामगिरी आम्हांवर आली. पण पाहावयाचें तें घर अद्याप जमिनीच्या वर यावयाचें होतें.

पहिल्या फेरींत आम्हांस दिसल्या त्या केवळ कांहीं लांकडी पेट्या. जमिनीस खोल भोकें पाडून जें जें वर आलें, तें तें त्यांत क्रमानें मांडलेलें होतें. वरचा भराव, त्याखालीं काळा चिकट चिखल, मग मुरूम आणि शेवटीं ठणठणीत काळा पाषाण. पेणेच्या पूर्वेस सह्याद्रीचे फांटे आहेत, तर पश्चिमेस खाड्या, खाजणें आणि मिठागरें; तो चिखल भरतीच्या पाण्यानें शतकानुशतकें आणून टाकलेला. त्याची परीक्षा कशी करतात तें तेथील तरुण इंजिनियरांनीं समजावून सांगितलें. ६३.५ किलोंचा हातोडा ७५ सेंटीमीटरांवरून सोडावयाचा आणि नळी ३० सेंटीमीटर आंत शिरावयास किती ठोके लागतात तें मोजावयाचें. चिखलांत दोनचार ठोके पुरतात. खडक लागला म्हणजे पन्नास ठोक्यांनींही नळी पुरती शिरत नाहीं. चिखलावर इमारत उभी राहत नाहीं. तिचें ओझें त्याच्या आरपार खालच्या पाषाणापर्यंत पोंचवावें लागतें.

दुसऱ्या फेरीस हेंच काम चाललें होतें, आणि आम्हांस वाटतें, सगळ्या बांधकामांत पाहण्यासारखें कांहीं असेल तर तें हेंच. एक प्रचंड मळसूत्री पातें जमीन कोरीत खालीं जातें आणि काळा गाळ घेऊन वर येतें. भोकाच्या कडा ढासळूं नयेत म्हणून बेंटोनाइट नांवाची माती पाण्यांत कालवून तें दाट पाणी भोकांत भरून ठेवतात. मग लोखंडी सळ्यांचा लांबलचक पिंजरा आंत सोडतात, आणि एक नळ थेट तळापर्यंत नेऊन त्यांतून काँक्रीट ओततात. काँक्रीट जड असल्यामुळें तळापासून वर चढत जातें आणि हलकें गढूळ पाणी वर लोटलें जातें. पाहणारास वाटतें, विहीर उलटी भरली जात आहे! एक स्तंभ भरावयास घेतला कीं पुरा होईपर्यंत थांबतां येत नाहीं. त्या दिवशीं मजुरांचें जेवण तिसऱ्या प्रहरावर गेलें. प्रत्येक वेळच्या काँक्रीटाचे १५ सेंटीमीटरांचे चौकोनी ठोकळे पाडून ते पाण्यांत ठेवतात आणि २८ दिवसांनीं यंत्रांत दाबून फोडतात. "चांगले झालेले ठोकळे फोडतात कशाला?" हा आमच्या घरांतील बाळगोपाळांचा प्रश्न अद्याप मिटलेला नाहीं.

दुबईंतील बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच आहे. तीही अशाच १९२ स्तंभांवर उभी आहे. तेथील खडक मऊ असल्यामुळें स्तंभांच्या अंगाच्या घर्षणावर पुष्कळ भिस्त ठेवावी लागली. आपला पाषाण त्या मानानें फारच भला म्हणावयाचा.

आतां पैशाची गोष्ट. ज्या रोह्याशीं रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांच्या घराण्याचा संबंध, त्याच्या शेजारीं राहणारांस हिशेब सांगावयास नको. तरी एक आंकडा गृहिणींनीं लक्षांत ठेवावा. २०१६ च्या कायद्यानें नोंदणीकृत करारापूर्वीं किंमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेतां येत नाहीं. महाराष्ट्रांतील नमुना करारांत करारानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत आणि जोतें पुरें होतांच ४५ टक्क्यांपर्यंत रक्कम द्यावयाची असते. म्हणजे राहत्या घराची एकही भिंत दिसण्यापूर्वीं जवळजवळ निम्मे पैसे जमिनींत गेलेले असतात. घेणारांकडून आलेल्या रकमेपैकीं ७० टक्के त्याच बांधकामाकरितां वेगळ्या खात्यांत ठेवावे लागतात, हा त्यांतला दिलासा.

जोत्याच्या पुढचें काम कसें चालतें तें पेणेंत अजून दिसण्यासारखें नव्हतें. रोह्यास आमच्या मावशींच्या घराजवळ एक इमारत चौथ्या मजल्यावर आली आहे असें कळलें, म्हणून कासू, नागोठणें करीत गाडीनें तेथें गेलों. तेथें विटा कोठेंच दिसेनात. अ‍ॅल्युमिनियमचे साचे उभे करून मजल्याच्या भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात आणि साचे काढून वरच्या मजल्यावर नेतात. साच्यांतून गणपति काढणाऱ्या पेणकरांस यांत नवल तें काय? परंतु मूर्तीस मागाहून डोळ्यांची आखणी करतां येते. येथें मागाहून कांहींच करतां येत नाहीं. बहुतेक भिंतीच वरचें ओझें वाहतात, त्यामुळें एकदां ओतलेल्या भिंतींत पुढें दार पाडूं देत नाहींत, असें तेथील मुकादमानें सांगितलें. आमच्या बेताचें सारें मर्म त्या एका दारांत होतें.

सायंकाळीं मावशींबरोबर कुंडलिकेच्या कांठीं गेलों. ऐन उन्हाळ्यांत नदी वाहती होती. मुळशीच्या धरणाचें पाणी सह्याद्रीखालीं भिऱ्याच्या वीजघरांत येतें आणि तेथून या नदीस मिळतें; हें १९२७ पासून चालू आहे. त्या धरणासाठीं मावळांतील गांवें बुडालीं, सेनापति बापटांनीं तेथें सत्याग्रह केला, आणि रोह्याची नदी बारमाही झाली. पेणेचें उलट आहे. हेटवणें धरण पेण तालुक्यांत, पण त्यांतील दररोज सुमारें १५ कोटी लिटर पाणी नवी मुंबईकरितां ठरविलेलें. आणि खारेपाटांतील कित्येक गांवें उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहतात. याच धरणाच्या लाभक्षेत्रांतील २२ गांवांच्या शेतकऱ्यांनीं महामुंबईच्या विशेष आर्थिक क्षेत्रास विरोध केला, २१ सप्टेंबर २००८ रोजीं तेथें जनमत घेण्यांत आलें, आणि पुढें तो बेत बारगळला. तेव्हां नव्या उंच घरांस पाणी कोठून, हें विचारणें म्हणजे खुसपट काढणें नव्हे.

तिसऱ्या फेरीस काकू स्वतः आल्या. स्तंभांचीं डोकीं तासून सळ्या मोकळ्या केल्या होत्या, आणि त्यांवर जाड काँक्रीटाची बैठक घालण्याची तयारी चालली होती. काकूंनीं खाली वाकून पाहिलें. कांहीं बोलल्या नाहींत. मग कचेरींत बसल्यावर त्यांनीं इंजिनियरांस विचारलें, "पाणी कोणतें, आणि पांचव्या मजल्यावर किती वेळ?"

"काकू, नळाची जोडणी मिळेल, शिवाय कूपनलिका आहे," इंजिनियर म्हणाले.

"खाजणाच्या कडेची कूपनलिका! तिचें पाणी चाखलें आहे कां कोणीं?"

चाखलें नव्हतें. तें तपासून घेऊन अहवाल देण्याचें त्यांनीं कबूल केलें. मग काकूंनीं नकाशा पुढें ओढला आणि दोन बिऱ्हाडांमधल्या भिंतीवर, स्वयंपाकघराच्या अंगास, तांबड्या पेन्सिलीनें एक दार काढलें. आम्ही एकमेकांकडे पाहतच राहिलों. इंजिनियर म्हणाले, साच्यांची मागणी अजून गेलेली नाहीं. आराखडा करणाऱ्या सल्लागारांस विचारावें लागेल, आणि त्यांनीं होकार दिला तर मंजूर नकाशांतही दुरुस्ती करून घ्यावी लागेल. बैठक पावसाळ्यापूर्वीं घालावयाची आहे. कराराच्या नोंदणीस आम्हीं अक्षय्य तृतीयेपर्यंत मुदत मागून घेतली आहे; पाण्याचा अहवाल आणि दाराचा निकाल, दोन्ही त्याआधीं हातीं यावयाचे आहेत.