गॅट्स्बीचें वेळापत्रक

पहांटे उठावें, वेळ व्यर्थ दवडूं नये, नित्य कांहीं चांगलें वाचावें, हा उपदेश आम्ही शिक्षक पिढ्यान्‌पिढ्या करीत आलों आहों. तो पाळणाऱ्या मुलाचें पुढें काय होतें, हें मात्र क्वचितच सांगितलें जातें. एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड ह्या अमेरिकन ग्रंथकाराची 'द ग्रेट गॅट्स्बी' ही कादंबरी १९२५ सालीं न्यूयॉर्क येथें प्रसिद्ध झाली. तींत अशाच एका मुलाची कथा आहे. वरच्या वर्गांतील मुलांस ती वाचावयास देण्यापूर्वीं आम्हीं ती दोनदां वाचली, आणि दोन्ही वेळां आमचें मन एकाच पानाशीं अडून राहिलें.

कथा थोडक्यांत अशी. नॉर्थ डकोटांतील एका गरीब शेतकऱ्याचा मुलगा जेम्स गॅट्झ सतराव्या वर्षीं आपलें नांव टाकून 'जे गॅट्स्बी' बनतो. १९१७ सालीं लष्करांत अधिकारी असतांना लुइव्हिल शहरांतील डेझी नामक श्रीमंत घरच्या मुलीवर त्याचें प्रेम जडतें. तो युद्धावर जातो; इकडे १९१९ च्या जूनमध्यें ती टॉम ब्युकॅनन ह्या गर्भश्रीमंत तरुणाशीं विवाह करते. विवाहाच्या आदल्या दिवशीं टॉमनें तिला साडेतीन लाख डॉलरांचा मोत्यांचा कंठा दिलेला असतो! गॅट्स्बी ह्यावरून एवढेंच शिकतो, कीं पैसा मिळविला म्हणजे गेलेलें प्रेम परत मिळेल. त्या काळीं अमेरिकेंत दारूबंदी होती. चोरट्या दारूच्या व्यापारांत तो अमाप द्रव्य जोडतो, डेझीच्या घरासमोर खाडीच्या पलीकडे भव्य वाडा घेतो, आणि रात्रीं तिच्या धक्क्यावरील हिरव्या दिव्याकडे पाहत उभा राहतो.

ग्रंथकारास हें दुःख केवळ ऐकून ठाऊक नव्हतें. त्याच्याजवळ पुरेसा पैसा नाहीं म्हणून झेल्डा सेअर हिनें १९१९ सालीं त्याच्याशीं ठरलेला विवाह मोडला होता. पुढील वर्षीं त्याची पहिली कादंबरी निघाली, आणि मगच तो विवाह झाला.

अमेरिकेंत कुळ कोणी विचारीत नाहीं, असा आपल्याकडे पुष्कळांचा समज असतो. ही कादंबरी तो समज दूर करते. खाडीच्या एका तीरावर वंशपरंपरागत श्रीमंत राहतात, दुसऱ्या तीरावर नवश्रीमंत. दोघांजवळहि पैसा आहे. तरी गॅट्स्बीचा गुलाबी पोशाख पाहून टॉम नाक मुरडतो. टॉम स्वतः एका गरीब मोटारदुरुस्तीवाल्याच्या बायकोशीं अनीतीचा संबंध ठेवून आहे. पण त्यानें त्याच्या कुलीनतेस डाग लागत नाहीं. उलट, गॅट्स्बीचा पैसा कोठून आला हें उघड होतांच डेझी बिचकून मागें सरते. त्याच संध्याकाळीं तिच्या हातून मोटारीखालीं तीच गरीब बाई मरते. गॅट्स्बी दोष आपल्या अंगावर घ्यावयास तयार होतो, आणि त्या बाईच्या नवऱ्याच्या गोळीस बळी पडतो. डेझी एक फूलहि पाठवीत नाहीं.

ज्याच्या मेजवान्यांस शेंकडों लोक लोटत, त्याच्या अंत्यविधीस शेजारी निक, कांहीं नोकर, टपालवाला आणि अवघा एक जुना पाहुणा येतो. मात्र वर्तमानपत्रांत बातमी वाचून दूरवरून त्याचा वृद्ध बाप आलेला असतो. तो मोठ्या अभिमानानें एक जुनें पुस्तक काढून दाखवितो. त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मुलानें १९०६ सालीं आपलें वेळापत्रक लिहिलेलें असतें. हेंच तें पान. सहा वाजतां उठणें, व्यायाम, विजेचा अभ्यास, काम, खेळ, वक्तृत्वाचा सराव. खालीं निश्चय: तंबाखू सोडणें, दर आठवड्यास एक चांगलें पुस्तक किंवा मासिक वाचणें, शिल्लक टाकणें. शिल्लकेचे पांच डॉलर खोडून तीन केलेले आहेत. इतका तो मुलगा प्रामाणिक होता! आणि सर्वांत शेवटीं, आईबापांशीं अधिक चांगलें वागण्याचा निश्चय.

आमचें मन अडतें तें ह्या शेवटच्या ओळीशीं. गॅट्स्बीनें बापास घर घेऊन दिलें, हें खरें. परंतु लोकांस तो सांगे, कीं आपलें घराणें श्रीमंत होतें आणि त्यांतील सर्वजण मरण पावले. त्यानें बापास घर दिलें, आणि बापाचें नांव पुसलें. माणसाची किंमत कुळावरून व पैशावरून ठरते, हें श्रीमंतांचें माप त्यानें एकदां खरें मानलें. मग त्या मापांत न बसणारा बाप त्यास लपवावाच लागला. जें प्रेम विकत घ्यावयाचें होतें, त्यासाठीं त्यानें प्राण वेंचले. जें विनामूल्य होतें, त्याची त्यास लाज वाटली.

विद्यार्थिमित्रांनो, वेळापत्रक अवश्य करा, परंतु त्यांतील शेवटची ओळ प्रथम पाळा. पारितोषिक-समारंभाच्या दिवशीं वडिलांच्या साध्या कपड्यांकडे पाहून संकोचणारीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. आणि मुलास कमीपणा वाटूं नये म्हणून फाटकाशींच थांबणारे पालकहि पाहिले आहेत. त्या पालकांस आमची नम्र विनंति आहे, कीं पुढील समारंभास त्यांनीं आंत येऊन पुढच्या रांगेंत बसावें. आणि त्यांस हात धरून तेथवर आणण्याचें काम मुलांनीं करावें.