वजा केलेलं

सोलापूरच्या काळ्या मातीत जीपीआर, म्हणजे जमिनीखालचं दाखवणारं रडार, फार खोल जात नाही. ओली चिकणमाती वीज वाहून नेते, लहर वाटेतच विरते. अशा मातीतली रेघ वाचायची कशी, हे शिकायला मी संगणकात जमीन रचतो. वर नव्वद सेंटिमीटर काळी माती, खाली मुरूम आणि मातीत पाऊण मीटरवर लोखंडी नळ.

लहरींचं गणित जीपीआरमॅक्स करतं. अँटोनिस जिआनोपुलोस यांनी १९९६मध्ये सुरू केलेली ही प्रणाली आज कुणालाही मोफत मिळते. केन यी यांनी १९६६मध्ये दिलेल्या रीतीने ती मॅक्सवेलची समीकरणं चौकटी-चौकटीत सोडवते. उत्तरात मिळतात नुसते आकडे. ते बघायचं, गाळायचं सॉफ्टवेअर माझं.

एकेक ट्रेस, म्हणजे एकेका जागी परत आलेल्या लहरीची नोंद, शेजारी लावत गेलं की नळाच्या जागी पालथ्या कढईसारखी कमान उमटते. गणितात तिला अपास्त म्हणतात. ओल्या मातीत लहर नॅनोसेकंदाला साडेसात सेंटिमीटर चालते असं धरलं, तर कमानीचा माथा वीस नॅनोसेकंदांवर येतो. पण तो सहसा दिसतच नाही. एका अँटेनाकडून दुसऱ्या अँटेनाकडे थेट जाणारी लहर इतकी जोरकस असते की तिच्यापुढे नळ फिका पडतो. उपाय सोपा: सगळ्या ट्रेसची सरासरी काढायची आणि प्रत्येकातून वजा करायची. पहिल्यांदा ते बटण दाबलं तेव्हा कमान लख्ख उमटली, आणि मी खुर्चीवरून उठलोच.

परत बसलो तेव्हा लक्षात आलं, मुरूम गेला होता. मीच घातलेला थर! सपाट थर प्रत्येक ट्रेसमध्ये त्याच वेळी परत येतो, म्हणून सरासरीबरोबर तोही पुसला जातो. जमीन मी रचलेली होती म्हणून कळलं. रस्त्यावर कोण सांगणार?

त्या दिवसापासून माझ्या पडद्यावर तीन चित्रं असतात: मूळ, गाळलेलं आणि गाळताना वजा केलेलं. तिसऱ्याला जागा फार लागते, अशी तक्रार येते. मी ते काढत नाही.

कारण पुढच्या चाचणीत मी नळ वळवला. गल्लीतला नळ गल्लीच्याच दिशेने जातो, आणि अरुंद गल्लीत यंत्राची गाडीही लांबीनेच ढकलली जाते. तशी मांडणी केली तर नळाची कमान होत नाही, सरळ रेघ होते. गाळलेलं चित्र कोरं आलं. नळ तिसऱ्या चित्रात होता. मग गाडी आडवी नेली, दोनच मीटर. कमान आली.