उत्तरेस हिमालयापर्यंत

फाल्गुन सरत आला की सोलापुरात प्रवासाच्या गोष्टी सुरू होतात. दुपारचे रस्ते ओस पडू लागतात आणि घरोघरी थंड हवेच्या गावांची नावे निघतात. यंदा आमच्या घरी मुलाने एकदम लडाखचेच नाव काढले. तो अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एकदा नोकरी लागली की सर्वांनी मिळून जाणे होणार नाही, हे त्याचे म्हणणे खरे होते. मुलीची दहावी जवळ आलेली. आणि सासूबाईंनी अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात बर्फ पाहिला तो फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर. बर्फाच्छादित शिखरे एकदा डोळ्यांनी पाहावीत, ही त्यांची इच्छा आम्हा सर्वांना ठाऊक होती.

मुलाने आठ दिवसांचा आराखडा मांडला : लेह, खारदुंग ला, नुब्रा खोरे, पँगाँग सरोवर. मी आधी दिनदर्शिका काढली. तिकडे हिंडण्याचा खरा हंगाम जून ते सप्टेंबर. परंतु आमच्या घरी चातुर्मासात लांबचा प्रवास करीत नाहीत, आणि शाळा जूनच्या मध्यास उघडते. म्हणजे हाती उरले मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंतचे दिवस.

दुसरा प्रश्न उंचीचा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४६० मीटर उंचीवर, तर लेह ३,५०० मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या तुलनेत दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो. एका श्वासात तेवढाच कमी प्राणवायू मिळतो. आमच्या डॉक्टरांनी सांगितले, पोहोचल्यावर दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्या आणि पाणी भरपूर प्या. सासूबाई सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. परंतु इथे सूर्यच मदतीला आला. जूनमध्ये लेहला सूर्य साडेसातच्या सुमारास मावळतो, म्हणजे सोलापूरपेक्षा जवळजवळ अर्धा तास उशिरा, आणि उगवतोही आपल्याआधी. दिवसभरात किती पेले पाणी घ्यायचे याचा हिशेब त्यांनी स्वतःच बोटांवर केला.

तिसरा प्रश्न स्वयंपाकाचा. तितक्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. यादीत पहिले नाव कुकरचे आले. मग कडक भाकरी, लसणाविना शेंगांची चटणी, मेतकूट, भाजके पोहे, मुगाची डाळ, पाणी गाळण्याचे फडके. सारे जमत आले होते.

चौथ्या दिवशी सासूबाईंनी कपाटातून एक जुनी वही आणली. २००६ साली श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकाहून परतल्यावर त्यांनी दिग्व्रत घेतले होते. दहा दिशांना आपल्या जाण्यायेण्याची मर्यादा आखून घ्यायची आणि ती जन्मभर पाळायची, हे श्रावकाच्या गुणव्रतांतील पहिले व्रत. मर्यादेच्या खुणा सर्वांना परिचित असाव्यात, मग तो समुद्र असो, नदी असो, अरण्य असो वा पर्वत, असे रत्नकरंड श्रावकाचारात सांगितले आहे. सासूबाईंच्या वहीत वळणदार अक्षरात लिहिले होते : पूर्वेस सम्मेदशिखर, दक्षिणेस श्रवणबेळगोळ, पश्चिमेस गिरनार, उत्तरेस हिमालयापर्यंत.

त्यांनी नातवाला विचारले, "लेह हिमालयाच्या अलीकडे आहे की पलीकडे?"

मुलाने नकाशा उघडला. लेह सिंधूच्या खोऱ्यात, झांस्कर आणि लडाख या दोन रांगांच्या मध्ये वसले आहे. हिमालयाची मुख्य रांग त्याच्या दक्षिणेला राहते. यजमान म्हणाले, "आई, सगळे जग त्या भागाला हिमालयच म्हणते." तेही चूक नव्हते. परंतु सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "जग म्हणत असेल. लिहिताना माझ्या मनात बर्फाची मुख्य ओळ होती. आता मोह झाला म्हणून नकाशातून पळवाट काढायची, हे मला जमायचे नाही. तुम्ही सर्व जा. मी घरी राहीन, मला काही वाईट वाटणार नाही."

प्रामाणिकपणे सांगते, त्या क्षणी मला राग आला. ज्यांच्यासाठी निघायचे त्यांनीच मागे राहायचे, आणि तेही वीस वर्षांपूर्वीच्या एका ओळीसाठी! मुलगा उठून आत गेला. जेवताना त्या दिवशी कोणी फारसे बोलले नाही.

रात्री आवरासावर करताना ती वही पुन्हा माझ्या हाती आली. ओळी वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. शिखरजी, श्रवणबेळगोळ, गिरनार ही तिन्ही ठिकाणे त्यांनी व्रत घेण्यापूर्वीच पाहिलेली होती. उत्तरेला मात्र त्यांनी न पाहिलेले लिहिले होते. तिकडची सीमा दिल्ली, हस्तिनापूर अशी सहज लिहिता आली असती. परंतु सारे आयुष्य मर्यादेत घालून घेताना त्यांनी एका दिशेला आपल्या इच्छेपुरती जागा मोकळी ठेवली होती. म्हणजे ती ओळ आमच्या सहलीच्या आड येत नव्हती. त्या ओळीतच ही सहल वीस वर्षे वाट पाहत होती. जागा तेवढी आम्ही चुकीची निवडली होती.

सकाळी मी मुलांना वही दाखवली. मुलीने नकाशावर बोट फिरवत लाहौलचे खोरे शोधले. हिमाचल प्रदेशातील हे खोरे पिरपंजाल रांगेच्या उत्तरेस, पण हिमालयाच्या मुख्य रांगेच्या अलीकडे आहे. तिथले जिल्ह्याचे ठाणे केलांग सुमारे ३,१०० मीटर उंचीवर, लेहपेक्षा चारशे मीटर खाली. जवळच तांदी येथे चंद्रा आणि भागा या नद्या एकत्र येतात आणि पुढे चिनाब होतात. पूर्वी ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड हिमवर्षावाने बंद झाली की हे खोरे जवळजवळ सहा महिने जगापासून तुटलेले असे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि मनाली-लेह मार्गातील ४६ किलोमीटर अंतर वाचले. बोगद्याचा विषय निघताच यजमानांना वालचंद हिराचंद आठवले. १८८२ साली आपल्या सोलापुरात जन्मलेल्या या गृहस्थाने भोर घाटातील रेल्वेच्या बोगद्यांचे काम केले होते. "बोगद्यांशी आपले नाते जुने आहे," ते म्हणाले, आणि दोन दिवसांनी घरात प्रथमच हशा पिकला.

मुलाला पँगाँग सोडावे लागले. तो दिवसभर गप्प होता. संध्याकाळी मात्र नवा कागद घेऊन बसला. सोलापूरहून कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली, पुढे चंडीगढमार्गे मनाली. मनाली दोन हजार मीटरवर, म्हणून तिथे दोन रात्री, आजीच्या श्वासाला सवय व्हावी म्हणून. मग बोगद्यातून सिस्सू आणि केलांग. आठ दिवसांत चार ठिकाणांऐवजी दोनच. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, तो दिवस त्याने लाल शाईने लिहून ठेवला.

गंमत म्हणजे लाहौल बटाट्याच्या बियाण्यासाठी प्रसिद्ध. कंदमुळे न खाणारे आम्ही नेमके बटाट्याच्या मुलखात निघालो आहोत! म्हणून कुकर आणि कडक भाकरी यादीत कायम राहिल्या. आणखी एक शंका सासूबाईंनीच काढली. खोल खोऱ्यात सूर्य पंचांगातल्या वेळेआधीच डोंगराआड जाणार, मग जेवणाची वेळ कोणती धरायची? त्यांनीच ठरवले, सूर्य दिसेनासा होण्यापूर्वी आटोपायचे. त्यामुळे रोजचे फिरणे चारपर्यंत संपवायचे असे आराखड्यात लिहिले गेले. त्याने कोणाचेच बिघडले नाही. उलट दिवस सुटसुटीत झाला.

परवा मुलीने विचारले, "आजी, बर्फात खेळशील ना?"

"पाहीन डोळे भरून," त्या म्हणाल्या. "पण पाण्यातही जीव असतो, बर्फातही असतो. उगाच तुडवायचा कशाला? तू खेळ, मी बाजूला बसेन."

मुलीने वाद घातला नाही. सामानाच्या यादीत कुकरच्या खाली तिने एक ओळ वाढवली : आजीसाठी घडीची खुर्ची.